पणजोबांचे यंत्र, पणतवाचा चित्रपट

मार्च २००२ मध्ये ‘द टाइम मशीन’ हा हॉलिवूडपट प्रदर्शित झाला, तेव्हा श्रेयनामावलीत वेल्स हे आडनाव दोन ठिकाणी झळकले. मूळ कादंबरी एच. जी. वेल्स यांची आणि दिग्दर्शन सायमन वेल्स यांचे. सायमन हे कादंबरीकाराचे पणतू. गाण्यात, कीर्तनात घराण्याचा वारसा चालवणारी पणतवंडे आपल्याला नवी नाहीत. पण पणजोबांनी १८९५ मध्ये लिहिलेल्या गोष्टीवर पणतवाने आठ कोटी डॉलर खर्चाचा चित्रपट काढावा, हा योग विरळाच.

चित्रपट बरा की वाईट, एवढ्यावरच त्याची चर्चा बहुधा संपते. त्याहून पाहण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. शंभरेक वर्षांत या कथेतला मूळ प्रश्न कसा बदलत गेला आणि माणसाच्या अधोगतीचा दोष दर वेळी कोणाच्या माथी मारला गेला, हे या रीमेकमध्ये लख्ख दिसते. ते सांगायचे तर कथेचा शेवटही सांगावा लागणार. ज्यांना तो आधी कळायला नको आहे, त्यांनी आधी चित्रपट पाहून यावे.

मूळ गोष्ट

लंडनजवळच्या रिचमंडमध्ये एका गृहस्थाच्या घरी दर गुरुवारी मंडळी जेवायला जमतात. त्यांत डॉक्टर आहे, मानसशास्त्रज्ञ आहे, संपादक आहे. यजमानाला वेल्स नाव देत नाहीत, तो नुसता ‘कालप्रवासी’. लांबी, रुंदी, उंचीप्रमाणे काळ ही चौथी मिती आहे आणि तिच्यातही पुढेमागे जाता येईल, असे तो पाहुण्यांना पटवू पाहतो. पुढच्या गुरुवारी तो लंगडत, धुळीने माखलेला, केस विस्कटलेले अशा अवतारात उशिरा येतो आणि आपण इ. स. ८,०२,७०१ पाहून आलो असे सांगतो.

त्या काळात जमिनीवर एलॉय नावाचे नाजूक, सुंदर, बुटके लोक राहतात. ते फळे खातात, फुलांशी खेळतात, चटकन दमतात आणि कशाचेही कुतूहल बाळगत नाहीत. त्यांच्यातली वीना बुडत असताना कालप्रवासी तिला वाचवतो, आणि मग ती त्याच्या मागे मागे फिरू लागते. जमिनीखाली मॉरलॉक राहतात. ते पांढुरके आहेत, त्यांना उजेड सोसत नाही आणि खालची यंत्रे तेच चालवतात. एलॉयांना कपडे पुरवणारेही तेच आणि काळोख्या रात्री त्यांना उचलून नेऊन खाणारेही तेच.

मूळ पुस्तक इथे संपत नाही. वीनाला गमावल्यावर कालप्रवासी आणखी तीन कोटी वर्षे पुढे जातो. सूर्य लाल आणि विझत आलेला, समुद्रकिनारा निश्चल, मोठे खेकड्यासारखे प्राणी आणि बाकी शांतता. तो परत येऊन हे सगळे सांगतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा निघतो आणि परततच नाही.

हे सुचले कुठून?

वेल्स यांचा जन्म १८६६ चा, केंट परगण्यातल्या ब्रॉम्लीचा. वडील छोटे दुकानदार आणि क्रिकेटपटू. आई पुढे ससेक्समधल्या अपपार्क नावाच्या जमीनदारी वाड्यात घरव्यवस्थापक म्हणून नोकरीला लागली. या वाड्यात नोकरचाकर भुयारी वाटांनी ये-जा करत, म्हणजे वरच्या मालकांच्या नजरेला ते पडू नयेत. पोरवयातल्या वेल्सना कापडाच्या दुकानात उमेदवारीला बसवले गेले. तिथले लांबलचक तास आणि शिस्त त्यांना असह्य झाली. वर उजेडातले घर आणि खाली अंधारातले राबणारे हात ही जोडी त्यांना कल्पनेने शोधावी लागली नाही, ती त्यांनी पाहिलेली होती.

नंतर शिष्यवृत्तीवर ते लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये विज्ञान शिकले. जीवशास्त्राचे शिक्षक होते टी. एच. हक्सले, डार्विनचे खंदे पुरस्कर्ते. उत्क्रांती म्हणजे नेहमी वरच चढणे नव्हे, आयते मिळू लागले की प्राणी खालीही घसरतात, हा विचार त्या काळी जीवशास्त्रज्ञांत चर्चेत होता. एलॉय हे त्याचे मानवी रूप. आणि विझता सूर्य? सूर्याचे आयुष्य काही कोटी वर्षांचेच असा हिशेब लॉर्ड केल्व्हिन यांनी तेव्हा मांडला होता. किरणोत्सर्गाचा शोधदेखील १८९६ चा, म्हणजे पुस्तकानंतरचा. आज सूर्याला आणखी सुमारे ५०० कोटी वर्षे देतात. तेवढे सोडले तर वेल्स आपल्या काळाच्या विज्ञानाशी इमानदार होते.

काळ ओलांडण्याची कल्पना काही त्यांची नव्हे. राजा ककुद्मी मुलगी रेवतीसाठी वर विचारायला ब्रह्मलोकी गेला, तिथे गाणे संपेपर्यंत थांबला आणि इकडे २७ चतुर्युगे उलटली, ही भागवतातली कथा आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. स्पॅनिश लेखक एन्रिके गास्पार यांनी १८८७ मध्ये काळात उडणारे यंत्रसुद्धा कादंबरीत आणले होते. वेल्स यांनी भर घातली ती नियंत्रणाची. एक दांडा दाबला की भविष्य, दुसरा दाबला की उलटा प्रवास. ककुद्मीला काळ घेऊन गेला, वेल्सचा माणूस स्वतःहून जातो. ‘टाइम मशीन’ हा शब्दही त्यांचाच.

सिनेमाही त्याच वर्षीचा

कादंबरी आली त्याच १८९५ च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये ल्यूमिए बंधूंनी तिकीट लावून पहिला खेळ केला. त्यांची चित्रे ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवली गेली. पण या दोन गोष्टींचा दुवा त्याहूनही आधीचा आहे. ऑक्टोबर १८९५ मध्ये रॉबर्ट पॉल या लंडनच्या यंत्रतज्ज्ञाने एका नव्या प्रकारच्या खेळासाठी पेटंटचा अर्ज केला होता. प्रेक्षकांनी हलत्या फलाटावर बसायचे, समोर दिव्याने पाडलेली स्थिर आणि चलत चित्रे बदलत राहायची, वाऱ्याचे झोत अंगावर यायचे आणि आपण काळात प्रवास करत आहोत असा भास व्हायचा. प्रेरणा वेल्सची कादंबरी, आणि या बेताबाबत पॉल यांचे वेल्सशी बोलणेही झाले होते. तो खेळ कधी उभा राहिला नाही. तरी सिनेमा धड उभाही राहिला नव्हता तेव्हाच या गोष्टीचा पडदा ठरून गेला होता असे म्हणायला हरकत नाही.

पहिले पडद्यावरचे रूपांतर मात्र पुढे अर्धशतकाने, १९४९ मध्ये बीबीसीने केले. ते थेट प्रक्षेपित झालेले दूरचित्रवाणी नाटक होते आणि त्याचे चित्रमुद्रण शिल्लक नाही.

१९६० : भोंगा वाजतो

सायमन वेल्स यांनी जो चित्रपट पुन्हा केला, तो जॉर्ज पाल यांचा १९६० चा ‘द टाइम मशीन’. पाल मूळचे हंगेरीचे, कळसूत्री बाहुल्यांच्या लघुपटांतून पुढे आलेले. वेल्स यांच्याच ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’वर त्यांनी १९५३ मध्ये चित्रपट काढला होता. त्यांच्या कालप्रवाशाला जॉर्ज हे नाव मिळाले. ती भूमिका रॉड टेलर यांची आणि वीना झाली इवेट मिमियू.

या चित्रपटात काळ धावताना दिसतो तो अगदी साध्या युक्त्यांनी. मेणबत्ती भराभर वितळते, गोगलगाय सुसाट पळते, फुले उमलून मिटतात, सूर्य आकाशात चकरा मारतो. समोरच्या दुकानाच्या काचेतल्या पुतळीचे कपडे वर्षावर्षाला बदलतात आणि फॅशनवरून जॉर्जला कळते की किती साल उलटले. एक एक चित्र थांबून थांबून घेण्याचे हे तंत्र पाल यांच्या बाहुलीपटांतूनच आले होते. दहा लाख डॉलरपेक्षा कमी खर्चात झालेल्या या कामाला विशेष दृश्यपरिणामांचे ऑस्कर मिळाले, आणि मला तरी संगणकी करामतीपेक्षा ती पुतळीच अधिक पटते.

त्या यंत्राची नंतरची कहाणीही ऐकण्यासारखी आहे. न्हाव्याची खुर्ची बसवलेले, मागे मोठी फिरती तबकडी असलेले हे घसरगाडीच्या आकाराचे यंत्र १९७० च्या एमजीएम लिलावात विकले गेले. पुढे ते कॅलिफोर्नियात जुन्या सामानाच्या दुकानात सापडले आणि चित्रपट-वस्तूंचे संग्राहक बॉब बर्न्स यांनी ते मूळ रूपात आणले.

पाल यांनी कथेत मोठा बदल केला. त्यांचा जॉर्ज १९१७, १९४० आणि १९६६ या सालांत थांबतो आणि तिन्ही वेळा त्याला युद्धच भेटते. १९६६ मध्ये तर आकाशातून अणुअस्त्र कोसळते. प्रेक्षक १९६० चा, म्हणजे त्याला सहाच वर्षांनी येणारा प्रलय दाखवला जात होता. दोनच वर्षांत क्यूबाच्या पेचप्रसंगाने तो प्रलय किती जवळ होता हेही कळले. पुढे भविष्यात फिरवली की बोलणाऱ्या चकत्या जॉर्जला सांगतात, की पूर्व आणि पश्चिमेचे युद्ध ३२६ वर्षे चालले. हवा विषारी झाली, लोक भुयारांत गेले. वर परतले ते एलॉय, खालीच राहिले ते मॉरलॉक.

आणि मॉरलॉक एलॉयांना बोलावतात कसे? भोंगा वाजवून. हवाई हल्ल्याचा इशारा झाला की निवाऱ्यात शिरायचे, ही सवय लाखो वर्षे रक्तात उरलेली आहे. भोंगा झाला की एलॉय झोपेत चालावे तसे भुयाराकडे निघतात. १९७१ च्या युद्धातले भोंगे आणि काळे कागद लावलेल्या खिडक्या आठवणाऱ्या मुंबईकरांना हे दृश्य वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मूळ पुस्तकात भोंगा नाही, पण वेल्सना तो आवडला असता असे वाटते.

२००२ : प्रश्नच बदलला

पटकथाकार जॉन लोगन आणि सायमन वेल्स यांनी कथा लंडनहून उचलून न्यूयॉर्कला नेली. कालप्रवासी झाला अलेक्झांडर हार्टडेगन, कोलंबिया विद्यापीठातला प्राध्यापक. ही भूमिका गाय पिअर्स यांची. १८९९ मध्ये तो सेंट्रल पार्कमध्ये प्रेयसी एमाला मागणी घालतो आणि त्याच क्षणी एक लुटारू येतो. झटापटीत गोळी सुटते आणि एमा मरते. चार वर्षे अलेक्झांडर स्वतःला प्रयोगशाळेत कोंडून घेतो आणि कालयंत्र बनवतो. भविष्य पाहायला नव्हे, एमाला परत आणायला.

यंत्र देखणे आहे. पितळ, काचेची भिंगे, पुढेमागे फिरणारी चक्रे. त्यात बसून तो त्याच संध्याकाळी परततो, एमाला बागेतून दूर नेतो, फुले घ्यायला क्षणभर वळतो आणि एमा घोडागाडीखाली सापडते. फुलवाल्याच्या दुकानातला म्हातारा म्हणजे १९६० च्या चित्रपटात जॉर्जचा मित्र फिल्बी याचे काम केलेले ॲलन यंग. जुन्या चित्रपटाला केलेला हा नमस्कार गोड आहे.

हजार वेळा आलो तरी ती हजार तऱ्हांनी मरेल, हे अलेक्झांडरला उमगते. असे का, या प्रश्नाचे उत्तर भविष्यात कोणाला तरी माहीत असेल म्हणून तो पुढे निघतो. २०३० मध्ये न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात त्याला व्हॉक्स भेटतो. हा काचेत उभा राहणारा, हजरजबाबी, संगणकी ग्रंथपाल. कालप्रवासाबद्दल विचारले की तो एच. जी. वेल्स यांच्या कादंबरीची आणि जॉर्ज पाल यांच्या चित्रपटाची माहिती देतो. म्हणजे या जगात ती पुस्तके आहेत, पण यंत्र मात्र न्यूयॉर्कच्या प्राध्यापकाने बनवले! चित्रपटातला हा सर्वांत खेळकर प्रसंग आहे.

अशीच आणखी एक गंमत. सुरुवातीला या चित्रपटातला मित्र फिल्बी अलेक्झांडरच्या ज्या पत्रमित्राची टर उडवतो, तो पेटंट कार्यालयातला कारकून म्हणजे आइनस्टाइन. प्रसंग १८९९ चा. आइनस्टाइन तेव्हा झुरिकला विद्यार्थी होते, बर्नच्या पेटंट कार्यालयात ते १९०२ मध्ये लागले. कालप्रवासाच्या चित्रपटात कालगणना चुकावी, हे एका परीने साजेसेच.

२०३७ मध्ये चंद्र फुटलेला दिसतो, अलेक्झांडर बेशुद्ध होऊन दांड्यावर आदळतो आणि यंत्र त्याला ८,०२,७०१ मध्ये नेऊन टाकते. इथले एलॉय कड्याला लटकवलेल्या बांबूच्या घरट्यांत राहतात. ते मूळ पुस्तकातल्यासारखे पोकळ बाहुले नाहीत. त्यांना भाषा आहे, शाळा आहे, मेलेल्यांची आठवण आहे. मारा नावाची शिक्षिका इंग्रजीही बोलते, कारण जुन्या शहराच्या दगडांवर उरलेली अक्षरे ती मुलांना शिकवते. १९६० च्या एलॉयांना इंग्रजी का येते हे कोणीच सांगितले नव्हते. इथे निदान कारण दिले आहे.

भूतकाळ का बदलत नाही?

हे उत्तर देतो तो जेरेमी आयर्न्स यांनी रंगवलेला मॉरलॉकांचा मुखिया. पांढराफटक, सभ्य, मन वाचू शकणारा. तो सांगतो, की तुझे यंत्र एमाच्या मरणातून जन्मले. ती वाचली असती तर तू यंत्र बनवलेच नसतेस, मग तिला वाचवायला आला असतास कशाने? आजोबांना त्यांच्या तरुणपणी मारले तर मारणारा नातू जन्मणार कसा, हा जो जुना तिढा आहे त्याचेच हे प्रेमकथेतले रूप.

तर्क नीटस आहे, पण चित्रपट स्वतः तो पाळत नाही. भौतिकशास्त्रज्ञ नोव्हिकोव्ह यांनी १९८० च्या दशकात मांडलेल्या सुसंगतीच्या तत्त्वाप्रमाणे पाहिले, तर भूतकाळात गेलेला माणूस तिथे आधीपासूनच होता आणि काहीही बदलत नाही. इथे तर गोळीऐवजी घोडागाडी आली, म्हणजे बदल झालाच. फक्त एमाचे मरण तेवढे हट्टाने कायम राहिले. काळाला एमाशीच एवढे वैर का, हे कळत नाही. शिवाय त्याच संध्याकाळी तिला भेटायला निघालेला चार वर्षांनी लहान अलेक्झांडर कुठे गेला? तो बागेत ताटकळत उभा असणार, पण कॅमेरा तिकडे वळतच नाही.

हाच तिढा मराठीत जयंत नारळीकरांनी दुसऱ्या वाटेने सोडवला आहे. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर अशा एका जगात पोचतात, जिथे मराठे पानिपतची लढाई जिंकलेले आहेत. विश्वासरावांना लागणारी गोळी तिथे निसटून जाते. पंतांनी मात्र भूतकाळात जाऊन काही बदललेले नसते, ते समांतर वाहणाऱ्या वेगळ्या इतिहासात काही काळ वावरून येतात. पुंजभौतिकीतल्या अनेक शक्यतांचा तिथे आधार आहे. तिथे कोणाचे आजोबा मरत नाहीत आणि तर्कालाही गाठ बसत नाही. लोगन यांनी हा मार्ग घेतला असता, तर कुठल्याशा जगात एमा जिवंत आहे आणि अलेक्झांडरला तिथे राहता येत नाही, अशी खरोखर जीव पिळवटणारी गोष्ट हाती लागली असती.

चंद्र फोडायला किती दारूगोळा?

चित्रपटात चंद्रावर वसाहती करण्यासाठी सुरुंग लावतात, त्याने चंद्राची कक्षा ढळते आणि तो तुटतो. तपासून पाहू. चंद्राचे तुकडे करून ते एकमेकांपासून कायमचे दूर सारायला सुमारे १२ वर २८ शून्ये इतके जूल ऊर्जा लागते. आजवरचा सर्वांत मोठा अणुस्फोट सोव्हिएत संघाने १९६१ मध्ये केला, सुमारे ५० मेगाटनांचा. तसे जवळपास ६० हजार कोटी बॉम्ब एकाच वेळी उडवावे लागतील. वसाहतीच्या पायाभरणीला इतका दारूगोळा कोणता ठेकेदार नेईल?

दुसरा मार्ग चंद्र पृथ्वीच्या फार जवळ येण्याचा. ठरावीक अंतराच्या आत आला तर पृथ्वीचे ओढणे त्याला फाडू शकते. पण सध्या तो दर वर्षी सुमारे ३.८ सेंटीमीटरने दूरच चालला आहे. तुकड्यांचे कडे आकाशात दिसते ते दृश्य मात्र सुरेख जमले आहे, हे कबूल केले पाहिजे.

मॉरलॉक कोणी घडवले?

वेल्स यांच्या पुस्तकात याचे उत्तर झोंबणारे आहे. मॉरलॉक घडवले ते जेवायला बसलेल्या मंडळींनी. सुखवस्तू वर्गाने कष्टकऱ्यांना तळघरांत, खाणींत, कारखान्यांत ढकलले आणि ते वर्षानुवर्षे तसेच चालू राहिले. कोणतीही आपत्ती आली नाही, कोणताही बॉम्ब पडला नाही. रोजची व्यवस्था तशीच चालू ठेवली एवढाच गुन्हा. आणि शेवटी ज्यांनी राबवून घेतले, त्यांची पोरेबाळे राबणाऱ्यांच्या ताटात गेली. पुस्तक वाचणारा १८९५ चा मध्यमवर्गीय इंग्रज त्या पंगतीतलाच होता.

१९६० मध्ये दोष सरकारांकडे गेला. युद्ध त्यांनी केले, सामान्य माणूस भोंगा ऐकून पळाला. प्रेक्षक इथे बळी आहे. धास्तावलेला खरा, पण निर्दोष.

२००२ मध्ये दोष एका बांधकाम-अपघाताकडे गेला. कुठल्याशा कंपनीने चंद्रावर सुरुंग लावले आणि गणित चुकले. त्यात प्रेक्षकाचा हात नाही आणि वर्गभेदाचा मागमूसही नाही. म्हणजे दर आवृत्तीत बोट आणखी लांब दाखवले गेले आणि गोष्ट आणखी निरुपद्रवी झाली.

पटकथेत एक जागा होती जिथे हे सुधारता आले असते. आयर्न्स यांचा मुखिया सांगतो, की आमच्यात वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळ्या जाती वाढवल्या आहेत. शिकारी वेगळे, विचार करणारे वेगळे, आणि बाकीच्यांची भूक मी मनाने ताब्यात ठेवतो. जन्मावर काम वाटून देणारा समाज! आपल्याकडच्या प्रेक्षकाचे कान टवकारले जावेत असा हा धागा. पण तो एका संवादात येतो आणि सुटतो. पुढे यंत्रावर मारामारी, मुखिया यंत्राबाहेर लटकून क्षणात म्हातारा होऊन राख, आणि मग अलेक्झांडर यंत्राचा स्फोट घडवून मॉरलॉकांची अख्खी वसाहत मारून टाकतो. संगीत उसळते, आपण आनंद मानायचा.

मला हे खटकते. मॉरलॉकही माणसांचेच वंशज आहेत. वेल्सचा कालप्रवासी त्यांचा तिरस्कार करतो, लोखंडी दांड्याने हल्लाही करतो, पण पुस्तक त्याला विजय देत नाही. तो घाबरून पळतो आणि पळताना हे कसे झाले याचा विचार करतो. पणतवाच्या चित्रपटात विचाराची जागा सुरुंगाने घेतली.

पडद्यामागे

सायमन वेल्स तोवर ॲनिमेशनपटांचे दिग्दर्शक होते. ‘द प्रिन्स ऑफ इजिप्त’च्या तीन दिग्दर्शकांपैकी ते एक. जिवंत नटांसह केलेला हा त्यांचा पहिला मोठा चित्रपट. चित्रीकरणाच्या शेवटी ते थकून गेले आणि उरलेले काही दिवस गोर व्हर्बिन्स्की यांनी दिग्दर्शन सांभाळले. तेच व्हर्बिन्स्की २००३ मध्ये ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ घेऊन आले.

प्रदर्शन २००१ च्या डिसेंबरात ठरले होते. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर ते पुढे गेले आणि चंद्राचे तुकडे न्यूयॉर्कवर कोसळण्याचे दृश्य कापले गेले. मॉरलॉकांची बेढब शरीरे स्टॅन विन्स्टन यांच्या कार्यशाळेने घडवली. रंगभूषेसाठी ऑस्करचे नामांकनही मिळाले. जगभरची कमाई सुमारे १२ कोटी ३० लाख डॉलर झाली. हे काही मोठे यश नव्हे. समीक्षकांनी बहुतेक नापसंतीच नोंदवली.

भारतीय भावंडे

वेल्सच्या यंत्राने भारतातही फेऱ्या मारल्या आहेत. १९९१ चा तेलुगू चित्रपट ‘आदित्य ३६९’ सिंगीतम श्रीनिवास राव यांचा. त्यातले यंत्र नायक-नायिकेला आधी १५२६ च्या विजयनगरात, कृष्णदेवरायाच्या दरबारात नेते आणि मग २५०४ मध्ये. मूळ कल्पना बाहेरची असूनही हा चित्रपट या मातीतला वाटतो, कारण भूतकाळ कोणता निवडायचा हे दिग्दर्शकाला नेमके ठाऊक होते.

२००८ चा हिंदी ‘लव्ह स्टोरी २०५०’ मात्र २००२ च्या रीमेकच्या वाटेने गेला. प्रेयसी अपघातात जाते आणि नायक कालयंत्राने भविष्यात निघतो. फरक इतकाच, की तिथे २०५० च्या मुंबईत ती पुनर्जन्म घेऊन भेटते. पुनर्जन्म असल्यावर तर्काचा तिढा आपोआप सुटतो, ही सोय हॉलिवूडला नाही. उडत्या गाड्यांची ती मुंबई चकचकीत आहे, पण तिथे राबणारे कुठे राहतात हे त्या चित्रपटातही कोणी विचारले नाही.

कोणत्या क्रमाने पाहावे?

पुस्तक आधी वाचा. ते जेमतेम शंभर पानांचे आहे. वेल्स १९४६ मध्ये वारले, त्यामुळे भारतात त्यावरचा स्वामित्वहक्क संपलेला आहे आणि इंग्रजी मूळ कुठेही फुकट मिळते. मग १९६० चा चित्रपट पाहा, शक्यतो मोठ्या पडद्यावर आणि घरातल्या लहान मुलांना घेऊन. २००२ चा पाहायचा तर ग्रंथालयातल्या व्हॉक्सच्या प्रसंगापर्यंतचा भाग आणि पुढे जेरेमी आयर्न्स यांचा एकमेव मोठा प्रसंग, एवढे मन लावून पाहा. मधली धावपळ हुकली तरी काही बिघडत नाही.